रेफ्री खरंच एका बाजूचा असतो का, का आपल्यालाच तसं दिसतं?

शिवाजीपेठ_दादा

मंडळी, दोन दिवस मुद्दाम थांबलो, डोकं शांत झालं, मग लिहायला बसलोय. माझी धाकटी बहीण नववीत आहे, शाळेच्या बास्केटबॉल टीममधनं खेळते. परवा आंतरशालेय स्पर्धेची सेमीफायनल होती. स्पर्धेचं आणि शाळांचं नाव लिहीत नाही, समोरच्या पोरींची काय चूक नाही यात.

शेवटची दीड मिनिटं राहिलती, आम्ही १ पॉइंटनं पुढं. धाकटीवर आधीच ४ फाउल झालते. समोरची उंच पोरगी डावीकडनं आत घुसली, आमची धाकटी मधे जाऊन उभी राहिली, दोघी आदळल्या आणि आमची पाठीवर पडली. मी म्हटलं मिळाला चार्ज, म्हंजे धडकणारीवर फाउल! आणि रेफ्रीनं शिट्टी मारून दोन्ही हात कमरेवर ठेवले. म्हंजे ब्लॉकिंग, वाट अडवल्याचा फाउल, आमच्यावर. स्कोअर लिहिणाऱ्यांच्या टेबलावरनं ५ नंबरची पाटी वर झाली, म्हंजे पाचवा फाउल, आणि धाकटी बाहेर. फाउलबद्दल मिळालेले दोन्ही फ्री थ्रो त्यांनी टाकले, तिथनं मॅच फिरली ती फिरलीच, ३ पॉइंटनं हरलो. पोरगी घरी येऊन जेवली नाही, बूट पण काढले नाहीत, तशीच खाटेवर बसून होती.

मॅच त्यांच्याच ग्राउंडवर होती, सगळं पब्लिक त्यांचं. नंतर मी फाउल मोजले तर आमच्यावर १९, त्यांच्यावर ११. आता मला सांगा हा फरक कसा काय? मी मूळचा फुटबॉलवाला, लहानपणापासनं कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेस बघत आलोय, तिथं रेफ्रीवर बोंब मारली नाही असा एक पण सामना आठवत नाही. पण बास्केटबॉलमधलं मला तेवढं कळत नाही म्हणून इथं विचारतोय. रेफ्री खरंच एका टीमच्या बाजूनं शिट्टी मारतात का? आणि तसं असंल तर ते आपल्यासारख्या बघणाऱ्यानं ओळखायचं कसं? माझ्याकडं मोबाईलवर व्हिडिओ पण आहे, दहा वेळा बघितला, मला तरी ती उभीच दिसते.

किंग्ज_फॅन_०२

भावा, यात विचारायचं काय आहे, असतातच. मी सकाळी सहाला उठून एनबीए, म्हंजे अमेरिकेची बास्केटबॉल लीग बघतो, गेली कित्येक वर्षं. २००२ ची लेकर्स-किंग्ज वेस्टर्न फायनलची सहावी मॅच शोधून बघ. चौथ्या क्वार्टरमध्ये एकट्या लेकर्सला २७ फ्री थ्रो दिले, एका क्वार्टरला २७! १०६-१०२ नं लेकर्स जिंकले, सातवी पण जिंकले आणि पुढं चॅम्पियन झाले. मी त्यानंतर कधीच लेकर्सची मॅच मोकळ्या मनानं बघू शकलो नाही.

आणि टिम डोनाही? एनबीएचा रेफ्री, १३ सीझन शिट्टी मारली त्यानं, आणि स्वतः रेफ्री असलेल्या मॅचेसवर बेटिंग करत होता, आतली माहिती बाहेर विकत होता. २००७ ला राजीनामा दिला, कोर्टात गुन्हा कबूल केला आणि २००८ ला १५ महिन्यांची शिक्षा झाली. जगातल्या सगळ्यात श्रीमंत लीगमध्ये हे होत असंल तर आपल्या आंतरशालेय स्पर्धेत काय होत असंल तूच विचार कर. १९-११ म्हंजे स्पष्टच आहे सगळं.

टेबल_ताई

दादा, आधी धाकटीला सांगा की पाचव्या फाउलवर बाहेर बसणारी पोरगी वाईट खेळली असं कोणी म्हणत नाही. जी डिफेन्सला पुढं होते तिच्यावरच फाउल लागतात, मागं राहणारीवर लागत नाहीत.

मी जिल्ह्यातल्या स्पर्धांना टेबलवर बसते आणि रेफ्रीपण करते, १४ वर्षं झाली. तुमच्या मॅचला मी नव्हते त्यामुळं त्या शिट्टीवर बोलणार नाही, पण चार्ज आणि ब्लॉकबद्दल बोलते कारण सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरच होतात.

लोकांच्या डोक्यात एकच पक्कं बसलंय की डिफेन्डर उभी असली की चार्ज आणि हलली की ब्लॉक. नियम असा नाहीच. नियम विचारतो की डिफेन्डरनं समोरच्या खेळाडूकडं तोंड करून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, जागा आधी पकडली का? एकदा ती जागा पकडली की मग ती मागं सरकू शकते, बाजूला सरकू शकते, जागच्या जागी सरळ वर उडी पण मारू शकते आणि धडक छातीवर आली तर फाउल समोरच्यावरच. म्हणजे हलूनसुद्धा चार्ज मिळतो. आणि उलट, समोरच्या पोरीनं लेअपसाठी, म्हणजे रिंगजवळ उडी मारून बॉल टाकायला, जमीन सोडली आणि त्याच्यानंतर तुमची पोरगी तिच्या वाटेत पोचली, तर ती दगडासारखी उभी असली तरी ब्लॉकच. हवेतल्या माणसाला वळता येत नाही ना, म्हणून नियम त्याला जपतो. सगळा निर्णय एवढ्यावर असतो की तिचा शेवटचा पाय सुटला तो क्षण आधी, का आपल्या पोरीचा दुसरा पाय टेकला तो आधी. डोळ्याची पापणी लवायच्या आत.

आता प्रेक्षक त्या वेळी बघतो कुठं? बॉलकडं. सगळेच बघतात, मीसुद्धा पब्लिकमध्ये बसले की बॉलकडंच बघते. रेफ्रीला मात्र पहिल्या दिवसापासनं घोकून घेतात की बॉल सोड, डिफेन्डरचे पाय बघ. त्यामुळं दोघं एकाच मॅचमध्ये दोन वेगळ्या गोष्टी बघत असतात. अजून एक, रिंगच्या खाली १.२५ मीटर रेडियसचा अर्धगोल असतो, त्याच्या आत उभं राहून चार्ज मिळत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच सिमेंटच्या कोर्टवर तो अर्धगोल एकतर रंगवलेलाच नसतो नाहीतर पावसानं पुसलेला असतो, मग रेफ्रीला तो मनातनं आखावा लागतो. इथं चुका होतात, मी मान्य करते.

तुमचा व्हिडिओ कुठनं काढलाय? धाकटीच्या पाठीमागनं असंल तर त्यात तिची पाठ दिसंल, पाय कधी टेकले ते नाही दिसणार. समोरच्या बाजूनं कोणी काढला असंल तर तो मिळवा आणि धडक बघू नका, त्याच्या आधीचं एक सेकंद बघा. हळू करून.

राजारामपुरी_आकडे

दोघांच्या मधलं बोलतो. मी स्टॅटिस्टिक्स शिकवतो, बास्केटबॉल नुसता बघतो.

पक्षपात असतो का? असतो, आणि मोजला पण गेलाय, पण जिथं आपण बोंब मारतो तिथं तो बऱ्याचदा नसतो. जोसेफ प्राइस आणि जस्टिन वुल्फर्स या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एनबीएच्या १३ सीझनचे फाउल तपासले, १९९१-९२ पासनं पुढचे. त्यांना दिसलं की रेफ्री आणि खेळाडू वेगळ्या वर्णाचे असले की त्या खेळाडूवर थोडे जास्त फाउल लागतात. फरक लहान, एका मॅचला बसून कोणाच्या डोळ्याला दिसणार नाही एवढा, पण हजारो मॅचेस एकत्र केल्या की दिसतो. २००७ ला हे पेपरात गाजलं, लीगनं जोरात नाकारलं. पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: नंतरची वर्षं याच लोकांनी परत तपासली तेव्हा तो फरक गायब झालता. म्हंजे रेफ्री जाणूनबुजून करत नव्हते, डोक्यात कुठंतरी नकळत होतं, आणि चारचौघांत चर्चा झाल्यावर सुटलं.

पब्लिकचा परिणाम पण खरा आहे. इंग्लंडमध्ये ४० फुटबॉल रेफ्रींना एकाच मॅचमधली टॅकल्स टीव्हीवर दाखवली, काहींना पब्लिकच्या आवाजासकट आणि बाकीच्यांना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी होम टीमवर १५.५ टक्के कमी फाउल दिले. लाच नाही, दमदाटी नाही, नुसता आवाज. तुमची मॅच त्यांच्या ग्राउंडवर होती म्हणता तर हा भाग मी उडवून लावणार नाही.

पण १९-११ वरनं काहीच ठरत नाही दादा. जी टीम आत घुसते तिला फाउल मिळतात, जी लांबनं शॉट मारते तिला नाही मिळत. जी टीम अंगाला भिडून डिफेन्स करते तिच्यावर लागतात. तुमची टीम कशी खेळते? प्रेस करत असतील, म्हंजे कोर्टभर अंगावर जाऊन अडवत असतील, तर १९ मला जास्त वाटत नाहीत. उलट मी तर म्हणंन की दोन्हीकडं फाउल अगदी सारखे निघाले तर जास्त शंका घ्यावी. कॉलेज बास्केटबॉलवर एक अभ्यास आहे, त्यात दिसलं की एका टीमवर फाउल जेवढे जास्त झालेले असतील तेवढा पुढचा फाउल दुसऱ्या टीमवर लागण्याची शक्यता वाढते. रेफ्री नकळत हिशोब बरोबर करत राहतो. आणि याचा फायदा कोणाला? जी टीम जास्त रेटारेटी करते तिला, कारण तिचे थोडे फाउल सोडले जातात आणि सरळ खेळणाऱ्या टीमवर थोडे जास्तीचे लागतात. फाउलचा आकडा समान दिसला की आपण म्हणतो आज रेफ्री चांगला होता, आणि अन्याय त्याच मॅचमध्ये झालेला असू शकतो.

किंग्ज_फॅन, तुमचा राग समजतो, २७ हा आकडा कोणालाही खुपंल. पण त्या मॅचला डोनाही रेफ्री नव्हता. आणि डोनाहीला पकडलं ते एफबीआयनं, माफियाची वेगळी चौकशी चालू असताना त्याचं नाव निघालं. १३ सीझन लाखो लोक त्याच्या शिट्टीवर ओरडत होते, पण ओरडून तो सापडला नाही. खरा विकलेला रेफ्री सुद्धा आपल्याला बाकीच्यांसारखाच दिसला.

गंगावेश_पैलवान

मला बास्केटबॉलचं कळत नाही, पण वाचत होतो म्हणून लिहितो. खासबागेत कुस्ती बघायला बसलं की कुठंबी बसा, हौदा, म्हंजे कुस्तीची मातीची जागा, दिसतो, शाहू महाराजांनी मैदानच तसं उतरतं बांधून घेतलंय. पाठ मातीला लागली का नाही ते हजारो माणसं एकदम बघतात आणि पंचाचा हात वर व्हायच्या आधी मैदान उठलेलं असतं. तरीसुद्धा निम्म्या कुस्त्यांना वाद होतो. ज्याचा पैलवान खाली असतो त्याला खांदा टेकलेला दिसतच नाही. माझ्या चुलत भावाच्या कुस्तीत मी स्वतः हौद्याजवळ होतो, आईशप्पत सांगतो मला नाही दिसला. भावालाच विचारलं रात्री, तो म्हणाला टेकलता. म्हणून म्हणतो, धाकटीला विचारलं का?

किंग्ज_फॅन_०२

आकडे सर, डोनाही त्या मॅचला नव्हता हे मला माहीत आहे, मी तसं लिहिलं पण नाही. पण माझा मुद्दा असा की लीग स्वतःच २०१५ पासनं शेवटच्या दोन मिनिटांचा रिपोर्ट काढते, अटीतटीच्या मॅचचा, प्रत्येक शिट्टी बरोबर का चूक ते लिहून. म्हंजे चुका होतात हे त्यांनी कागदावर मान्य केलंय ना? मग मॅच तर परत होत नाही. त्या रिपोर्टचा हरलेल्याला उपयोग काय? सकाळी हरलो आणि दुसऱ्या दिवशी कळलं की खरं तर आपला बॉल होता, हे तर जास्त जिव्हारी लागतं.

१९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकची फायनल काढा. शेवटचे ३ सेकंद परत परत खेळवले, शेवटी सोव्हिएत युनियन ५१-५० नं जिंकलं, अपील ३ विरुद्ध २ मतांनी फेटाळलं. अमेरिकेच्या पोरांनी सिल्व्हर मेडल घेतलंच नाही, आजपर्यंत नाही. ती माणसं म्हातारी झाली. हे सगळं नकळत होतं असं म्हणून सोडून द्यायचं का?

राजारामपुरी_आकडे

सोडून द्या असं नाही म्हणत. त्या दोन मिनिटांच्या रिपोर्टमध्येच बघा की चुका कुठल्या प्रकारच्या आहेत. मारलेली शिट्टी चुकीची निघाली असं कमी असतं, मारायला हवी होती आणि मारली नाही असं जास्त असतं. आपण बोंब मारतो ती मारलेल्या शिट्टीवर. न मारलेली शिट्टी आपल्याला दिसतच नाही, आपल्या टीमच्या फायद्याची असली तर अजिबातच नाही.

१९५१ ला अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन कॉलेजांची फुटबॉल मॅच झाली, त्यांचा फुटबॉल, हातात बॉल घेऊन पळायचा. लई मारामारीची मॅच. नंतर दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्हीकडच्या पोरांना तीच फिल्म दाखवली आणि नियम मोडलेले मोजायला सांगितले. डार्टमथनं किती मोडले? प्रिन्स्टनच्या पोरांनी सरासरी ९.८ मोजले, डार्टमथच्या पोरांनी ४.३. फिल्म तीच. खोटं कोणीच बोलत नव्हतं. दादा दहा वेळा व्हिडिओ बघून त्यांना धाकटी उभीच दिसते, ते पण खोटं बोलत नाहीत.

टेबल_ताई

आकडे सरांनी हिशोब बरोबर करण्याचं लिहिलं, त्यावर मला बोलायलाच पाहिजे, कारण मी ते केलंय.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट, मुलांची मॅच, आम्ही दोघंच रेफ्री. आपल्याकडं बहुतेक दोघंच असतात, तिसरा परवडत नाही, आणि दोघांत दहा पोरं बघायची म्हणजे एका बाजूचं कायतरी निसटतंच. दुसऱ्या क्वार्टरला मी एक शॉटवरचा फाउल दिला. हातावर हात पडला की ‘फट्’ असा आवाज येतो, तो आवाज ऐकून शिट्टी मारली. वाजवल्यावर त्याच क्षणी मला कळलं की हात हातावर पडलाय खरा, पण तो हात बॉलला लागलेला होता. बॉलवरच्या हाताला लागलं तर तो फाउल नसतो. त्या पोरानं नुसतं माझ्याकडं बघितलं, एक शब्द बोलला नाही. पुढची पाच मिनिटं माझ्या डोक्यात तेच. आणि मग दुसऱ्या बाजूला अगदी किरकोळ धक्का होता, रोज मी तो सोडला असता, तिथं माझी शिट्टी वाजली. वाजवायचं ठरवलं नव्हतं. वाजली. म्हणजे एका चुकीच्या दोन चुका झाल्या, आणि दुसरीत तर मी ज्याच्यावर फाउल दिला त्याचा पहिलीशी काय संबंध नव्हता. मॅच झाल्यावर मी माझ्या सोबतच्या सरांना सांगितलं. ते म्हणाले, चुकीची शिट्टी चुकीची राहू दे, पुढच्या बॉलला कोरी हो. त्यांच्यासारखं कोरं व्हायला मला अजून जमतंय असं नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की ठरवून एका टीमला जिंकवणारा रेफ्री मी १४ वर्षांत बघितला नाही. पब्लिकच्या आवाजानं दबलेला बघितलाय, आधीच्या चुकीनं गडबडलेला बघितलाय, दमलेला तर दर रविवारी बघते, दिवसाला पाच-पाच मॅचेस करून चौथ्या मॅचला पाय उचलत नाहीत मग तो मागं राहतो आणि लांबनं अंदाजानं वाजवतो. तुमची सेमीफायनल त्या दिवसाची कितवी मॅच होती ते बघा एकदा. ओळखायचं कसं म्हणाल तर रेफ्री कुणाच्या बाजूचा आहे ते बघायच्या ऐवजी तो कुठं उभा आहे ते बघा. दोघी पोरींच्या मधली फट त्याला दिसत होती का? दिसत असंल तर त्याचं ऐका. तो पाठीमागनं बघत असंल तर तुमची शंका रास्त आहे.

शिवाजीपेठ_दादा

सगळ्यांना मनापासनं धन्यवाद. पैलवानांनी लिहिलं म्हणून काल रात्री धाकटीला विचारलं.

समोरच्या शाळेतल्या एका पोरीच्या वडलांनी पलीकडनं व्हिडिओ काढलता, पोरींच्या ग्रुपमधनं तो मिळाला. धाकटीला शेजारी बसवून हळू करून बघितला, ताईंनी सांगितलं तसं धडक सोडून आधीचा सेकंद. रेफ्री बेसलाइनवर, रिंगमागच्या रेषेवर, बरोबर बाजूला उभा होता, दोघींच्या मधनं पलीकडची भिंत दिसंल असा. समोरच्या पोरीचा डावा पाय सुटला तेव्हा आमच्या धाकटीची उजवी टाच अजून हवेत होती. बोटभर. मी काय बोलायच्या आत तीच म्हणाली, "दादा, मला तेव्हाच कळलतं, पाय उशिरा पडला." मी विचारलं मग दोन दिवस जेवली का नाहीस गं? तर म्हणाली फाउलसाठी नाही, शेवटच्या दीड मिनिटात टीमला सोडून बाहेर बसावं लागलं म्हणून.

पण सगळंच रेफ्रीचं बरोबर होतं असं पण नाही हां. त्याच व्हिडिओत तिसऱ्या क्वार्टरला धाकटीवर दिलेला तिसरा फाउल आहे, त्यात ती सरळ वर उडी मारून हात वर ठेवून आहे आणि समोरची येऊन तिच्यावर पडलीय, आणि तेव्हा रेफ्री पाठीमागं होता, त्याला फट दिसणंच शक्य नव्हतं. तो फाउल नव्हता. तो नसता तर ती शेवटी मैदानात असती. हे मला अजून टोचतंय आणि टोचत राहणार. आणि ताई, ती त्या दिवसाची चौथी मॅच होती.

किंग्ज_फॅन भावा, तुझा २००२ चा राग आता मला जरा कळतो.

ताई, एक विचारायचं होतं. पुढच्या महिन्यात पोरींच्या अजून मॅचेस आहेत, आमचे कोच म्हणत होते टेबलवर बसायला माणसं मिळत नाहीत. मला फुटबॉलचंच कळतं पण शिकायची तयारी आहे. रविवारी तुम्ही कुठं असता, येऊन बसलो तर चालंल का?

टेबल_ताई

या की. विभागीय क्रीडा संकुलाच्या कोर्टवर साडेसातला. धाकटीला पण घेऊन या. स्कोअरशीट मी देते, तुम्ही दोन पेनं आणा, एक निळं एक लाल. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल लागतं.